मुलगा पखवाजाला बसायला तयार नाही: तारुण्यपिटिका आणि घरातली माणसे

सुरंगी

नमस्कार. आम्ही वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहतो. माझा मुलगा यंदा बारावीला आहे. आठवीपासून तो वाडीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो, आणि गणपतीचे दिवस म्हणजे त्याचे वर्षभराचे सुख असते. रोज रात्री निघण्यापूर्वी तो स्वयंपाकघरात येऊन पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावण्यासाठी कणकेचा गोळा मागतो, म्हणून त्या दिवसांत मी दोन चपात्यांची कणीक जास्तच भिजवते. यंदा पहिल्या रात्रीनंतर त्याने ती मागितलीच नाही. सवयीने काढून ठेवलेला गोळा सकाळी ताटलीत सुकून तडकलेला दिसला, तेव्हा माझ्या पोटात कालवले.

कारण मला ठाऊक आहे. गेल्या वर्षभरात त्याचे दोन्ही गाल आणि हनुवटी मुरुमांनी भरून गेली आहे. चतुर्थीला मुंबईहून माणसे आली आणि दुपारच्या पंगतीपर्यंत निदान सात जणांनी त्याला दारातच विचारले, "अरे, तुझ्या तोंडाक काय झाला रे?" प्रत्येकाने एकेक उपायही सांगितला. त्या रात्रीच्या भजनाचे कोणीतरी मोबाईलवर चित्रीकरण केले आणि ते वाडीच्या ग्रुपवर टाकले. त्याने ते पाहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून "अभ्यास आहे" असे सांगून तो माळ्यावरच्या खोलीत बसू लागला.

आणखी एक गोष्ट लिहिते. पहाटे उठून तो स्वतःच्या उशीचा अभ्रा विहिरीवर धुऊन टाकतो. निळ्या अभ्र्यांवर पांढरट, रंग उडाल्यासारखे डाग पडले आहेत. ते कशाचे आहेत हे मला कळत नाही आणि विचारण्याचे धाडस होत नाही.

माझा प्रश्न असा आहे की, या विषयावर त्याच्याशी बोलावे की बोलूच नये? घरातले म्हणतात, वयाबरोबर आपोआप जाईल, त्यासाठी डॉक्टर कशाला?

बांधावरचा

सुरंगीताई, माझे वय पंचावन्न आहे. आमच्या वेळी वर्गातल्या प्रत्येकाच्या तोंडावर फोड येत होते आणि विशीनंतर जात होते. वयात येण्याची ती खूण आहे. आपण जितकी चौकशी करू, तितका मुलगा त्याचा बाऊ करील. माझे प्रामाणिक मत आहे की त्याला कामाला लावावे, बागेत न्यावे, आणि आरशापासून दूर ठेवावे. पखवाजाचा आणि फोडांचा संबंध जोडू नये.

सड्यावरचा

बांधावरचे काका, आपला हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही, तरीही मी असहमत आहे. संबंध आम्ही जोडत नाही, तो आपोआप जोडला जातो.

मी आता अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि पुण्यात नोकरी करतो. पंधराव्या वर्षापासून एकविसाव्या वर्षापर्यंत माझा एकही फोटो नाही. सख्ख्या बहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी नाही, कारण फोटोची वेळ आली की मी पाणी वाढायला किंवा खुर्च्या उचलायला जात असे, आणि सगळे म्हणत, "पोरगा किती कामसू आहे!" राजापूरला कॉलेजात जाताना मी एसटीत नेहमी उजवीकडच्या खिडकीची जागा धरायचो, कारण माझा उजवा गाल जास्त वाईट होता आणि तिथे बसल्यावर तो खिडकीकडे राहत असे. ती जागा मिळाली नाही तर मी ती गाडी सोडून पुढच्या गाडीची वाट पाहत उभा राहिलो आहे. हे घरात कोणालाही ठाऊक नव्हते. बाहेरून पाहणाऱ्याला यात काहीच वावगे दिसले नसते. मुलगा कॉलेजला जात होता, परीक्षा देत होता, घरकामाला हात लावत होता.

ताई, मुरुम गेल्याला सहा वर्षे झाली. मी आजही कोणाच्या घरी गेलो की उजेडाकडे पाठ करून बसतो.

कुळागर

सड्यावरचे, एसटीच्या खिडकीचे वाचून थांबले. माझा भाऊही कायम एकाच बाजूला बसायचा. कारण आज कळले.

शिंपला

मी चिपळूणला त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. सुरंगीताई, अभ्र्यावरच्या डागांचे उत्तर बहुधा मी देऊ शकेन. बेन्झॉइल पेरॉक्साइड नावाचे औषध मुरुमांसाठी फार प्रचलित आहे आणि ते रंगीत कापडाचा रंग घालवते. टॉवेल, उशी, शर्टाची कॉलर या ठिकाणी नेमके असेच फिकट डाग पडतात. माझा अंदाज खरा असेल, तर आपला मुलगा दुकानातून मलम आणून कोणाला न सांगता लावतो आहे आणि त्याच्या खुणा पहाटे धुऊन टाकतो आहे. तो आरशापासून दूर जाण्याने सुटणारा हा प्रश्न नव्हे. त्याने मदत शोधायला सुरुवात केली आहे, मात्र एकट्याने.

आता "आपोआप जाईल" याविषयी. बारा ते चोवीस या वयातल्या सुमारे 85 टक्के मुलामुलींना कमीअधिक प्रमाणात मुरुम येतात, त्यामुळे ही गोष्ट सर्वत्र आढळते हे खरे आहे. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांमुळे त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल तयार करतात, केसाच्या मुळाशी असलेले छिद्र मृत पेशींनी बुजते, आत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू वाढतो आणि सूज येते. पुष्कळांचे मुरुम विशीत ओसरतात. परंतु खोल, दुखऱ्या गाठी असतील तर त्या जाताना कायमचे खड्डे ठेवून जातात, आणि आपल्या सावळ्या त्वचेवर साध्या फोडाचाही काळा डाग कित्येक महिने टिकतो. वाट पाहण्याची किंमत चेहऱ्यावर अशी दिसत राहते.

"तोंड नीट धुत नाहीस" हे वाक्य कृपया घरातून काढून टाकावे. पुटकुळीच्या टोकाचा काळा रंग मळाचा नसतो. छिद्रात अडकलेल्या पदार्थाचा हवेशी संपर्क येऊन आणि त्यातल्या रंगद्रव्यामुळे तो तसा दिसतो. साबणाने घासून घासून तोंड लाल करणारी मुले मी रोज पाहते. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुणे पुरेसे आहे. कोकणातल्या दमट हवेत घाम जास्त येतो, तेव्हा खेळून आल्यावर आणखी एकदा धुतले तरी चालेल.

तिरफळ

डॉक्टर, आमच्याकडे वैशाखात हटकून सांगतात की आंबे आणि फणस खाल्ल्यामुळे उष्णता होऊन तोंडावर फोड येतात. यात तथ्य आहे का? माझ्या मुलीचे आंबे आजीने पूर्ण बंद केले होते, आणि ती समोर बसलेल्या भावंडांना खाताना पाहत असे.

शिंपला

तिरफळ, आंब्यामुळे मुरुम येतात असा भक्कम पुरावा नाही. मात्र आंब्याच्या देठातून येणारा चीक तोंडाला लागला तर त्वचा भाजते, पुरळ उठते, फोडही येतात. त्याला आपण 'चीक उतणे' म्हणतो. आंबे उतरवणाऱ्या आणि देठाशी तोंड लावून चोखणाऱ्या मुलांमध्ये हे नेहमी दिसते. तो वेगळा त्रास आहे, आणि दोन्हींची सरमिसळ झाल्याने मुरुमांचे खापर आंब्यावर फुटले असावे. आहाराबाबत एवढे म्हणता येते की साखर आणि मैद्याचे पदार्थ, गोड पेये यांचा काही जणांमध्ये मुरुमांशी संबंध दिसतो, दुधाचाही थोडासा दिसतो. मुलीला आंबा द्यावा, पण धुऊन, देठ काढून आणि चीक गाळून.

त्याहून मोठी गोष्ट खोबरेल तेलाची आहे. सकाळी डोक्यावर थापलेले तेल उन्हात कपाळावर उतरते आणि तिथली छिद्रे बुजवते. फक्त कपाळावर आणि कानशिलांवर बारीक पुटकुळ्या असतील तर आधी तेल कमी करून पाहावे.

सावरीचे झाड

मी आयुर्वेदाचा वैद्य आहे. मी या चर्चेत एक जुना संदर्भ जोडू इच्छितो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये, म्हणजे लहान रोगांमध्ये, 'मुखदूषिका' येते. तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या या पिटिकांना तिथे सावरीच्या काट्याची उपमा दिली आहे आणि कफ, वात व रक्त ही कारणे सांगितली आहेत. आपल्या सड्यावरची कोवळी काटेसावर ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला ही उपमा किती नेमकी आहे ते कळेल. बुडाशी रुंद आणि टोकाला अणकुचीदार. म्हणजे इतक्या जुन्या काळीही वैद्यांनी हा त्रास 'वयात येण्याची खूण' म्हणून सोडून दिला नव्हता, त्याला रोग मानून चिकित्सा लिहिली होती.

पथ्याला मी शिंपलाताईंपेक्षा जास्त महत्त्व देतो, आणि आमचा हा मतभेद राहील. पण एका बाबतीत आम्ही निश्चित एकत्र आहोत: लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा यांतले काहीही तोंडाला लावू नये. मागच्याच महिन्यात लिंबाने भाजलेले दोन चेहरे माझ्याकडे आले.

अबोली

मी रत्नागिरीची आहे, आता तेवीस वर्षांची. अकरावीत असताना मैत्रिणीने मला एक ट्यूब दिली. ती लावल्यावर आठवडाभरात मुरुम बसले आणि चेहरा उजळलाही. घरी सगळ्यांनी कौतुक केले. "आता कशी दिसतेस!" हे मावशीचे वाक्य मला इतके आवडले की मी ती ट्यूब आठ महिने रोज लावली. मेडिकलच्या दुकानातून ती चिठ्ठीशिवाय मिळत होती. मग गाल कायम लाल राहू लागले, उन्हात गेले की आग होत असे, ओठांवर आणि गालांवर बारीक लव दिसू लागली, आणि ट्यूब बंद करताच पूर्वीच्या दुप्पट फोड आले. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते.

मुरुमांपेक्षा मला त्या कौतुकाचा त्रास जास्त झाला, हे आज कळते. कारण चेहरा बिघडल्यावर ती माणसे गप्प झाली, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ मी सोळाव्या वर्षी अचूक लावला. मी दोन वर्षे ओढणी बांधून फिरले. आपल्याकडे उन्हासाठी सगळ्याच मुली ओढणी बांधतात, त्यामुळे कोणाला काही खटकले नाही. मी मात्र वर्गातही ती सोडत नसे.

शिंपला

अबोली, तू हे लिहिलेस ते फार बरे केलेस. 2018 साली सरकारने अशी स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशी तरतूद केली, तरी ती अजूनही हातोहात फिरतात. पालकांनी घरातली प्रत्येक ट्यूब उलटून तिच्यावरची नावे वाचावीत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काहीही असेल तर ती मुरुमांसाठी नाही. मात्र कित्येक महिने लावत असलेली ट्यूब एकदम फेकून न देता डॉक्टरांना दाखवावी.

पायवाट

मी सिंधुदुर्गातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. अबोलीने लिहिलेली ओढणी मी दरवर्षी पाहते. तोंडी परीक्षेला उत्तर येत असूनही मान खाली घालणारी मुले, प्रवेशपत्राचा फोटो शेवटच्या तारखेपर्यंत न आणणारी मुले, स्नेहसंमेलनातून ऐन वेळी नाव काढून घेणारी मुले. या सगळ्यांच्या नोंदी आमच्या दप्तरी 'अनुत्साही' अशा होतात. पहिली काही वर्षे मीही तसेच समजत होते.

एकदा एका विद्यार्थिनीला मी सगळ्यांसमोर, अगदी मायेने, "अगं, कडुलिंब लाव" असे सांगितले. त्यानंतर ती माझ्या तासाला पुढच्या बाकावर कधीच बसली नाही. मला वाटले होते की मी तिची काळजी घेते आहे. तेव्हापासून मी मुलांच्या चेहऱ्याविषयी, वजनाविषयी, उंचीविषयी चारचौघांत एक अक्षर बोलत नाही. ज्याच्याशी बोलायचे त्याच्याशी मी एकटे असताना बोलते, आणि चेहऱ्यापासून सुरुवात न करता "हल्ली तू शेवटच्या बाकावर का बसतोस?" असे विचारते.

केवडा

मुलींच्या पालकांसाठी एक गोष्ट सांगते. माझ्या हनुवटीवर आणि जबड्यावर मुरुम होते, ओठांवर केस येत होते आणि पाळी दोन-दोन महिने येत नव्हती. आईची चिंता "स्थळे येतील तेव्हा काय" एवढीच होती, आणि त्यासाठी फेशियलवर बरेच पैसे गेले. शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञांनी पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या असमतोलाचा विकार, असल्याचे सांगितले. पाळी अनियमित असेल तर चेहऱ्याच्या आधी तिकडे पाहावे.

भरती-ओहोटी

मी समुपदेशक आहे. इथे आलेले अनुभव अपवादात्मक नाहीत. 1999 साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की उपचारासाठी आलेल्या मुरुमांच्या रुग्णांना होणारा सामाजिक आणि भावनिक त्रास दमा, अपस्मार, मधुमेह, संधिवात यांच्या रुग्णांइतकाच होता. 2011 साली ऑस्लो शहरातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना फार मुरुम होते त्यांच्यापैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याने आत्महत्येचे विचार येत असल्याचे सांगितले. ज्यांना मुरुम नव्हते किंवा अगदी थोडे होते त्यांच्यात हे प्रमाण निम्म्याहून कमी होते. मुरुमांमुळेच हे विचार येतात असे यातून सिद्ध होत नाही, पण 'बाऊ करतो' या शब्दाने ज्याची वासलात लावावी अशी ही गोष्ट नाही, एवढे नक्की कळते.

सुरंगीताई, मुलाची झोप, जेवण, मित्र यांत बदल झाला आहे का, तो फोड सतत खरवडतो का, "मी नसतो तर बरे" अशा अर्थाचे काही बोलतो का, याकडे लक्ष द्यावे. तसे काही जाणवल्यास थांबू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर विनाशुल्क आणि चोवीस तास उपलब्ध आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.

बोलावे की बोलू नये, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: चेहऱ्यावर मत देऊ नये, आणि त्याच्या त्रासाबद्दल मात्र अवश्य बोलावे. "काही दिसत नाही रे, उगाच" असेही म्हणू नये. त्याला स्वतःला ते स्पष्ट दिसते, त्यामुळे ते ऐकून आई आपल्याशी खरे बोलत नाही, एवढेच त्याच्या मनात राहील.

बांधावरचा

दोन दिवस हा धागा वाचतो आहे. माझा पहिला प्रतिसाद मी मागे घेतो आणि त्यामागचे कारणही लिहितो.

आमच्या कॉलेजात एक मुलगा होता. त्याचा चेहरा मोठमोठ्या गाठींनी भरलेला होता. मी त्याला 'फणस' असे नाव ठेवले. ते नाव इतके रुळले की नवे विद्यार्थी त्याला त्याच नावाने ओळखू लागले आणि एकदा हजेरीच्या वेळी मागून कोणीतरी ते ओरडले. तो हसला होता. मला वाटले, त्याने ते मनावर घेतले नाही. दुसऱ्या वर्षी तो आला नाही. घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण सुटले असे आम्ही धरून चाललो, कारण तसे धरणे सोयीचे होते. सड्यावरचे यांनी एसटीच्या खिडकीचे लिहिले, तेव्हा मला आठवले की तोही गाडीत कधी आमच्या शेजारी बसत नसे. खरे कारण काय होते हे मला ठाऊक नाही. पण मी 'सगळ्यांना येतात आणि जातात' असे छत्तीस वर्षे म्हणत आलो, ते बहुधा त्या मुलाचा विचार करावा लागू नये म्हणून.

ताई, मुलाला डॉक्टरांकडे न्या. माझे आधीचे म्हणणे ऐकू नका.

सड्यावरचा

काका, हे लिहिल्याबद्दल मी आपला आभारी आहे. मला नाव ठेवणाऱ्यांपैकी कोणीही आजवर हे म्हटलेले नाही.

शिंपला

उपचारांबद्दल व्यक्तिगत निरोपातून बरेच जण विचारत आहेत, म्हणून थोडक्यात लिहिते. सौम्य मुरुमांना बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि अ‍ॅडापॅलीनसारखी मलमे पुरतात. अ‍ॅडापॅलीन रात्री, मटारच्या एका दाण्याएवढे घेऊन, पूर्ण चेहऱ्यावर पातळ लावायचे असते. प्रत्येक फोडावर ढीग लावायचा नसतो. पहिले काही आठवडे कोरडेपणा येतो, कधी मुरुम वाढल्यासारखेही वाटते, आणि खरा फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. बहुतेक मुले तिसऱ्या आठवड्यात औषध सोडतात, कारण एवढा वेळ लागेल असे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

गाठी आणि खड्डे होत असतील तर आयसोट्रेटिनॉइन हे गोळीच्या रूपातले औषध देतात. ते अमेरिकेत 1982 साली मान्य झाले आणि खूप प्रभावी आहे. मात्र गरोदरपणी घेतले तर गर्भाला गंभीर इजा होते, रक्ततपासण्या कराव्या लागतात, आणि मनःस्थितीत बदल वाटला तर लगेच कळवावे लागते. म्हणून बहिणीची गोळी बहिणीने घेणे हा प्रकार कदापि करू नये. खर्चाची अडचण असणाऱ्यांनी ओरोस, रत्नागिरी किंवा अलिबाग येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवावे.

सुरंगी

दोन महिन्यांनी लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व. सगळ्यांचे प्रतिसाद मी अनेकदा वाचले.

पायवाटताईंनी सांगितल्याप्रमाणे मी चेहऱ्यापासून सुरुवात केली नाही. बाजारातून चार पांढरे अभ्रे आणले, त्याच्या पलंगावर ठेवले आणि एवढेच म्हटले, "बाबू, यांच्यावर डाग दिसणार नाहीत." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने पुस्तकांच्या कप्प्यामागून ट्यूब काढून माझ्या हातात दिली. ती बेन्झॉइल पेरॉक्साइडचीच होती. खाऊच्या पैशातून आणलेली, आणि लवकर गुण यावा म्हणून दिवसातून चार वेळा लावलेली. त्यामुळेच गाल इतके सोलवटले होते. दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. आत तो एकटाच बोलला, मी बाहेर बसले. तशी त्याची इच्छा होती.

घरातल्या मोठ्यांना मी फोन करून सांगितले की दिवाळीला याल तेव्हा त्याच्या तोंडाविषयी एक शब्दही काढायचा नाही, औषधाचासुद्धा नाही. त्याच्या आत्याला राग आला. तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, पण आली तेव्हा तिने त्याला परीक्षेविषयीच विचारले.

मुरुम गेलेले नाहीत. नवे कमी येतात, जुन्यांचे काळे डाग तसेच आहेत, आणि एखाद्या सकाळी तो अजूनही जेवायला खाली येत नाही. सड्यावरचे यांचा प्रतिसाद मी त्याला वाचायला दिला होता. त्याने तो दोनदा वाचला आणि विचारले, "ह्यांचे आता गेले काय गो?"

कार्तिकी एकादशीला देवळात रात्रभर भजन होते. मंडळाच्या बुवांनी स्वतःहून सांगितले होते की कोणी मोबाईल वर धरायचा नाही. त्यांना कोणी सांगितले ते मला ठाऊक नाही, मी तरी सांगितले नव्हते. संध्याकाळी मी चुलीपाशी होते. तो दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आये, कणीक भिजवलंस काय?"

भिजवलेली नव्हती. मी परात घेतली.